थांबलेल्या विटेचं त्वरण

अहो सर,

सगळं गाव तुम्हाला सर म्हणायचं म्हणून मीही म्हणत आले. आता पत्रात दुसरं काही लिहायला गेले तर तुम्हीच वळून बघाल, की ही कुणाला हाक मारून राह्यली. तेव्हा सरच.

पत्र लिहायचं कारण एक फ्लेक्स आहे. परवा रविवारी आपला मिलिंद आला, लेकीला, समीक्षाला घेऊन. तुमच्या पहिल्या स्मृतिदिनाचं ठरवायचं होतं. भंतेजींना कोण सांगणार, विहारात वंदना किती वाजता, जेवणात भाजी कोणती, सगळं बराबर ठरलं. मंग त्यानं मोबाइल काढून फ्लेक्सचा मजकूर दाखवला. तुमचा तो सेंडऑफचा फोटो, गळ्यात हार घातलेला, आणि खाली लिहिलं होतं, 'अल्पशा आजाराने आपल्यातून निघून गेलेले आदर्श शिक्षक'. मी चष्मा लावून पुन्हा वाचलं.

"अल्पसा कुणी ठरवला?" मी म्हणले.

"आई, सगळे असंच लिहितात."

"सगळ्यांचं सगळ्यांपाशी. तुझे बाबा पावसाळ्यात अंथरुणाला लागले अन् संक्रांत झाल्यावर गेले. हे अल्पसं?"

तो वैतागला. वैतागला की तुमच्यासारखाच चष्मा काढून सदऱ्याला पुसतो. म्हणला, "अगं, डॉक्टरांनी दिवाळीच्या आधीच सांगितल्तं, आता काही उपयोग न्हाई म्हणून. त्या मानानं..." आणि तिथंच थांबला. चष्मा हातातच राहिला.

मी त्याचा मोबाइल त्याच्यापुढं सरकवला. मी बोलत न्हाई तेव्हा समोरच्यानं घाबरावं, हे तुम्हीच लोकांना सांगायचे.

दिवाळीच्या आधी? मंग दिवाळीत तुम्ही मला काय म्हणाला होता, आठवतं? पाडव्याच्या सकाळी, अंगणात, हातात चहाचा कप. म्हणाला होता, "कला, आता बरं वाटून राह्यलं. थांबलं बघ दुखणं." मला एवढंच विचारायचंय, सर. तेव्हा तुम्हाला माहिती होतं का?

माझा स्वभाव संशयी आहे, हे काही नवीन न्हाई. दूधवाल्याच्या दुधात बोट बुडवल्याशिवाय मी भांडं पुढं केलं न्हाई. भाजीवाला वजन करताना मी भाजी सोडून काट्याकडंच बघत राहते. तुम्ही चारचौघांत हसायचे, म्हणायचे, "माझ्या घरात फौजदार आहे, मला कुलपाची गरज न्हाई." आणि त्या फौजदाराच्या नाकाखाली तुम्ही एवढी मोठी गोष्ट लपवली? कसं जमलं तुम्हाला? तुम्हाला तर साधं, बाहेर भजी खाऊन आलो हेसुद्धा लपवता यायचं न्हाई.

रविवारपासून मी एकच काम करून राह्यले. ते दोन-अडीच महिने उलटेपालटे करून बघते. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतचे. तुमचं जेवण वाढलं होतं, रंग परतला होता, काठी सोडून तुम्ही भोकरदनच्या स्टँडपर्यंत पायी जाऊन येत होता. डॉक्टरच्या औषधाला गुण आला म्हणून मी शेजारी पेढे वाटले. तुम्ही त्यातला एक माझ्या हातून खाल्लासुद्धा. घशाखाली कसा उतरला तो?

बरं, मला काहीच दिसलं न्हाई असंही न्हाई. दिसलं. मी त्याचा अर्थ भलताच लावला.

ती स्कूटी आठवा. साठीला आलेल्या बाईला स्कूटी शिकवायचं खूळ तुमच्या डोक्यात कुठून आलं? बाजार नसेल त्या दिवशी मार्केट यार्डाच्या मोकळ्या जागेत मला घेऊन जायचे. तुम्ही तिथल्या कट्ट्यावर बसायचे, शाल पांघरून, आणि तिथून ओरडायचे. "कला, काट्याकडं बघू नको. काटा वेग सांगतो. पाठीला जो हिसका बसतो ना, ते त्वरण." हमाल लोक पोत्यांवर बसून तमाशा बघायचे. मी लाजेनं अर्धी झाले होते.

एकदा मी गाडी चालू करून नुसती उभी राहिले. भीतीनं रेस पिळेना. तुम्ही उठून जवळ आलात आणि माझ्या हातावर हात ठेवून जराशी रेस पिळली. मला मागं हिसका बसला. तुम्ही लगेच म्हणालात, "हिसका बसला तेव्हा गाडी कुठं होती?"

"इथंच. हललीच कुठं होती?"

"म्हणजे वेग शून्य. अन् हिसका तर बसला. मंग थांबलेल्या गाडीला त्वरण असतं का न्हाई?"

मला कळलं गाडी कुठं चालली ते. तुमचं ते जुनंच भांडण, वर फेकलेल्या विटेचं. मी म्हणले, "गाडीला इंजन असतं, सर. विटेला कुठलं इंजन?"

"विटेला ओढायला जमीन आहे," तुम्ही म्हणालात, आणि धाप लागली म्हणून पुन्हा कट्ट्यावर जाऊन बसलात.

मला तेव्हा वाटलं, हा माणूस मला एकटीनं राहायचं शिकवून राह्यला. बघा, तिथपर्यंत मी बराबर पोचले होते. पुढं चुकले. वाटलं, मिलिंदनं तुम्हाला संभाजीनगरला नेऊन ठेवायचं ठरवलंय, दवाखाना जवळ म्हणून. आणि मला इथं घर राखायला ठेवणार. सुनेला मी नको असेन. आठ दिवस मी सुनेशी फोनवर नीट बोलले न्हाई. का बोलले न्हाई, ते तिला बिचारीला अजून माहिती न्हाई.

मंग तुमच्या सामानाचं. कपाटातला तो स्प्रिंगचा काटा, लोखंडी गोळे, लाकडी उतार, पोरांना दाखवायला तुम्ही स्वतः सुतारासमोर बसून करून घेतलेला. एक दिवस बघते तर कपाट मोकळं. मी सरळ स्कूटीवर बसले न्हाई, तेवढी हिंमत नव्हती, बसनं पिंपळगाव रेणुकाईला गेले, तुमच्या शाळेत. हेडसरांना म्हणले, "आमच्या सरांचं सामान मागून आणलं ते परत करायची रीत न्हाई का?" ते बिचारे उभेच राहिले. म्हणले, "बाई, सरांनी स्वतः आणून दिलं. पोरांना राहू द्या म्हणले." मी घरी येऊन तुम्हाला विचारलं तर तुम्ही काय म्हणालात? "कपाटाला वाळवी लागून राह्यली." कपाट लोखंडी आहे, सर.

आणि तरी मला कळलं न्हाई. कळलं न्हाई, का मला कळून घ्यायचं नव्हतं? हे मी स्वतःवरसुद्धा संशय घेऊन विचारते आता.

सगळ्यात मोठी गोष्ट त्या विटेची. समीक्षाला ती माहिती नव्हती, तिला परवा पहिल्यांदा सांगितली.

आपलं हे घर बांधलं तेव्हा माझे वडील, बापू, गवंडी होते आणि मी भिंतीवर उभी राहून विटा धरत होते. लग्नाआधी हेच काम केल्तं मी, बापूंच्या हाताखाली. खालून वीट फेकायची, वरच्यानं झेलायची. तुम्हाला सुट्टी होती म्हणून तुम्ही खाली उभे राहिलात फेकायला. नवीन नोकरी, पांढरा सदरा, आणि वीट फेकताय ती माझ्या पायाशी नाहीतर डोक्यावरून. बापू तोंड फिरवून हसत होते. मी वरून म्हणले, "सर, एकसारखी फेका. माझ्या हातापाशी येऊन थांबली पाहिजे."

तुम्ही हातातली वीट तशीच धरून म्हणालात, "थांबली पाहिजे म्हणजे?"

मी सांगितलं. वीट वर येती, अन् क्षणभर उभी राहती. तेव्हाच धरायची. आधी धरली तर हाताला मार बसतो, उशीर झाला तर ती खाली ओढती. त्या क्षणाला वीट कापसासारखी असती, तिच्यावर कसलाच जोर नसतो. तेव्हा तुमचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं मी काहीतरी लई शहाणपणाचं बोलले. आणि तुम्ही म्हणालात, "सगळं बराबर. फक्त शेवटचं चूक."

तिथून जे भांडण सुरू झालं ते आपल्या संसाराएवढंच चाललं. तुमचं म्हणणं, वर पोचलेल्या विटेचा वेग शून्य असतो, पण त्वरण तेवढंच, नऊ पूर्णांक आठ, खाली ओढणारं. हातातून सुटल्यावर तेवढंच, वर तेवढंच, पडताना तेवढंच. माझं म्हणणं, हातात धरून बघा आणि मंग बोला. तुम्ही म्हणायचे, "त्वरण शून्य असतं, तर वीट तिथंच राह्यली असती, कला. वर टांगलेली. कधी राह्यली का एखादी?" पण पटलं न्हाई ते न्हाई. पुस्तकातले लोक विटा झेलत न्हाईत, असं मी म्हणायचे. कितीदा जेवण थंड झालं या पायी. पाहुणे आले की तुम्ही मुद्दाम विषय काढायचे, लिंबू नाहीतर कांदा वर उडवायचे, आणि माझ्याकडं बघायचे.

आता त्या थंडीतली दुपार. शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्याचं बांधकाम चाललं होतं. आपण दोघं अंगणात उन्हाला बसलो होतो, तुमच्या पायांवर गोधडी. खालून एक पोरगी विटा फेकत होती आणि वर एक बाई झेलत होती. हात चांगला होता तिचा. मला राहवलं न्हाई. मी डिवचायला म्हणून म्हणले, "बघा सर. वर आली की वीट हलकी. तिच्यावर काहीच न्हाई त्या वेळी."

मी वाट बघून राह्यले. आता तुम्ही घसा साफ करणार, आता नऊ पूर्णांक आठ येणार. तुम्ही त्या विटांकडं बघितलं आणि म्हणालात, "तुझंच बराबर असंल, कला."

मी तुमच्या कपाळाला हात लावून बघितला, ताप तर न्हाई ना म्हणून. आयुष्यात ज्या माणसानं विज्ञानात एक इंच माघार घेतली न्हाई, तो असं म्हणतो? संशय आला मला, आल्याशिवाय कसा राहील. मी म्हणले, "काय पाहिजे ते सरळ सांगा." तुम्ही हसलात आणि म्हणालात, "चहा. साखर घालून." दिला मी, साखर घालून. जिंकले म्हणून खूश होते मी त्या दिवशी.

परवाच्या रविवारी मिलिंद अर्धं वाक्य बोलून फोनचं निमित्त करून रस्त्यावर गेला. मी अंगणात आले. समीक्षा पुस्तक मांडीवर ठेवून मोसंबी वर फेकत होती आणि झेलत होती. अकरावीला आहे ती आता, सायन्सला. तुमच्यासारखीच भुवई चढवून विचार करते. मला म्हणली, "आज्जी, हे एक मला कळूनच राह्यलं न्हाई. मोसंबी एकदम वर गेली की थांबते ना? मंग तेव्हा तिचं त्वरण शून्य पाहिजे. पुस्तकात न्हाई म्हणतात."

मी तिथं पायरीवर बसले. तिला विटेचं सगळं सांगितलं, तुमचं आणि माझं भांडण, तुमचा तो प्रश्न. ती हसली. म्हणली, "मंग शेवटी कोण जिंकलं?"

"मी," मी म्हणले. "त्यांनी स्वतः कबूल केलं." आणि बोलता बोलताच मला ते दिसलं. सर, तुम्ही कबूल केलंत ती तारीख. डॉक्टरांनी सांगून झाल्यानंतरची.

मी उठले, फाटक उघडून रस्त्यावर गेले आणि मिलिंदचा दंड धरला. फोन कानालाच होता, पण पलीकडं कुणी नव्हतं, हे मला दुरूनच कळलं. तो खोटं बोलायला तुमच्याकडूनच शिकलाय, तेवढंच वाईट.

"कुणाकुणाला माहिती होतं?"

"आई, आता जाऊ दे ना."

"कुणाकुणाला?"

"डॉक्टर, मी आन् बाबा," तो म्हणला. "डॉक्टर म्हणले, औषधानं थोडे दिवस बरं वाटंल, मंग तब्येत एकदम ढासळंल. बाबांनी त्यांना स्वतः विचारून घेतल्तं. हिशेब केल्यासारखं."

"अन् मला का न्हाई सांगितलं? मी कोण लागते?"

त्यानं मान खाली घातली. म्हणला, "मी भांडलो त्यांच्याशी, आई, खरंच भांडलो. ते म्हणले, तुझ्या आईला विटेचं माहिती आहे. वर आलेली वीट हाताला जड लागत न्हाई. तेवढे दिवस मला तिच्या हातात हलकं राहू दे."

मी तिथंच रस्त्यावर रडले. लपवत न्हाई. समोरच्या दुकानातले लोक बघत होते, बघू दे म्हणलं.

पण रडून झाल्यावर मला राग आला, सर, आणि तो अजून गेला न्हाई. माझ्या हाताला जड लागू द्यायचं न्हाई, हे तुम्ही कुणाला विचारून ठरवलं? मी विटा झेलणारी बाई आहे. जड आहे म्हणून मी कधी हात मागं घेतला न्हाई. तुम्ही मला सांगितलं असतं, तर मी काय वीट सोडून पळाले असते? तुमच्याजवळ बसले असते. पेढे वाटत हिंडले नसते. सुनेवर रुसण्यात आठ दिवस घालवले नसते. तुम्हाला रात्री झोप येत न्हाई ती कशानं, हे विचारलं तर तुम्ही म्हणायचे, दुपारी जास्त झोपलो. एकट्यानं तुम्ही काय काय विचार केला असेल त्या अंधारात, आणि मी शेजारी घोरत होते. वर आलेल्या विटेला एकच वेळ असती धरायची. ती तुम्ही मला कळूच दिली न्हाई.

आणि आणखी एक. तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात ते मी कदाचित कधीतरी माफ करीन. पण विज्ञानात खोटं बोललात? "तुझंच बराबर असंल" म्हणालात? तुम्ही स्वतः वर येऊन थांबला होता, रंग परतला होता, चालून राह्यला होता, आणि आतून तुम्हाला तेवढीच ओढ चालू होती, जराही कमी न्हाई. हे तुमच्याइतकं त्या वेळी कुणाला माहिती होतं? आणि तरी मला जिंकू दिलंत.

मी डोळे पुसून पुन्हा अंगणात आले. समीक्षा घाबरून उभी होती. मी तिच्या हातातली मोसंबी घेतली आणि वर उडवली. वर गेली, उभी राहिली, आणि मी धरली न्हाई. खाली पडू दिली. फरशीवर आपटून फुटली बिचारी.

"शून्य न्हाई, बाई," मी तिला म्हणले. "मी हरले असं लिहून ठेव. शून्य असतं तर वरच राह्यली असती."

ती म्हणली, "आज्जी, तू रडतीस कशाला?"

तिला काय सांगू, की मला तेच पाहिजे होतं. तुम्ही वरच राह्यला असता तर.

फ्लेक्सवरचा तो 'अल्पसा आजार' मी काढायला लावलाय. नुसतं तुमचं नाव राहील आणि खाली 'विज्ञान शिक्षक'. मिलिंद म्हणला, जागा मोकळी दिसंल. दिसू दे. त्याच्याशी मी दोन दिवस बोलले न्हाई, आज बोलले. सुनेलाही फोन केला. तिला काही सांगितलं न्हाई, नुसती मोसंबी पाठवली समीक्षाच्या हाती.

आता मी तुम्हाला कबूल करते ते नीट ऐका. त्या दुपारची तुमची माघार मी मानत न्हाई, ती परत घ्या. भांडण तुम्ही जिंकलात. आणि उद्या माझी पाळी आली, डॉक्टरनं मला बाजूला बोलावून काही सांगितलं, तर मी बाहेर येऊन मिलिंदला आणि समीक्षाला ते सगळं सांगीन. बरं वाटत असलं तरी सांगीन. जड आहे ते जड म्हणूनच त्यांच्या हातात देईन, आणि त्यांना म्हणीन, आत्ता धरा, वेळ हीच आहे.

तुमच्याशी अजून भांडायचं राहिलेली,
कला